टेबल सॉची जिग: विकतची घ्यावी की घरी करावी? अचूक कोणती?

सालपट | शनिवार, रात्री 10:40

मंडळी, पाच महिन्यांपूर्वी दहा इंची टेबल सॉ (टेबलातून ब्लेड वर आलेली विजेची करवत) घेतली. ती पार्किंगमधल्या माझ्या जागेत उभी असते आणि गाडी रस्त्यावर, पावसात. (यावर घरात झालेली चर्चा इथे देत नाही.)

आईने काढलेल्या वारली चित्रांना चार फ्रेमा करायच्या आहेत. 50 मिमी रुंद सागाची पट्टी, कोपरे 45 अंशांत. मशीनबरोबर आलेल्या मायटर गेजवर (लाकूड हव्या कोनात धरून ब्लेडकडे सरकवायचं साधन) कापलं. तीन कोपरे असे बसले की नख जाणार नाही, आणि चौथ्यात जवळजवळ दोन मिमीची फट. दुसरी फ्रेम कापली, तेच. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून फट बुजवली, तर आई म्हणाली, "इथे काही सांडलं का रे?"

जिग म्हणजे लाकूड ठरल्या कोनात धरून ब्लेडकडे नेणारं साधन. तिच्यासाठी आता दोन रस्ते दिसतात. एक, बाहेरून चांगला अॅल्युमिनियमचा मायटर गेज मागवायचा. कस्टमसकट हिशोब केला तर पगाराचा चांगलाच लचका जातो. दोन, उरलेल्या 18 मिमी प्लायची स्लेड (टेबलाच्या खाचेतून सरकणारी, लाकूड धरणारी फळी) घरी ठोकायची. माझा प्रश्न फक्त अचूकतेचा आहे. कारखान्यात सीएनसीवर झालेल्या वस्तूपुढे माझ्या हातची प्लायची फळी टिकेल का? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

खट्याळ | शनिवार, रात्री 10:52

चारऐवजी तीन कोपऱ्यांची फ्रेम करा. प्रश्न मिटला.

भुसादादा | शनिवार, रात्री 11:15

घरची. डोळे झाकून घरची. मशीनबरोबर येणारा गेज म्हणजे साखरपुड्यातली अंगठी, दाखवायला असते. मी प्लायची स्लेड केली त्याला सहा वर्षं झाली, अजून तीच चालू आहे. खर्च शून्य.

न्यूजर्सीकर | रविवार, पहाटे 4:20

माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून लिहितो. इन्क्रा कंपनीचा मायटर गेज आहे आणि गराजमध्ये केलेली बर्च प्लायची क्रॉसकट स्लेड आहे.

नव्वद अंशांसाठी मी विकतच्या गेजला हातही लावत नाही. स्लेडची फेन्स (लाकूड टेकवायची सरळ पट्टी) एकदा नीट बसवली, चार स्क्रू मारले, संपलं. पण मागे एक अष्टकोनी ट्रे करायला घेतला, साडेबावीस अंश. तिथे विकतच्या गेजने जीव वाचवला. त्याला खाचा आहेत, खट् करून त्या कोनात बसतो आणि महिन्याने पुन्हा तिथेच बसतो. घरची जिग एका कोनाशी लग्न लावून बसलेली असते. दर कोनाला नवी करायची म्हटलं की भिंतीवर जिगा टांगायला जागा उरत नाही.

तेव्हा "अचूक कोणती" याच्या आधी "किती वेळा कोन बदलणार" हे सांगा.

अजून एक. आमच्या इकडे सॉस्टॉप नावाची टेबल सॉ घेणारे बरेच आहेत. स्टीव्ह गॅस नावाच्या माणसाने 1999 च्या सुमारास ही कल्पना काढली: ब्लेडला कातडी लागली की काही मिलिसेकंदांत अॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि ब्लेड थांबतं. पण धातू लागला तरी मशीनला ते बोटच वाटतं. विकतच्या गेजची अॅल्युमिनियमची फेन्स एक केस जास्त सरकवलेली होती, माझा ब्रेक सुटला. नवा ब्रेक, नवं ब्लेड. प्लायच्या फेन्सने हे कधीच केलं नसतं.

गुण्यागोविंद | रविवार, सकाळी 8:05

सालपटराव, काही मागवायच्या आणि ठोकायच्या आधी एक सांगा. ज्या गुण्याने (काटकोन तपासायच्या पट्टीने) तुम्ही सगळं तपासताय तो गुण्या स्वतः गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का?

आमचे वडील सुतार. नवा गुण्या आणला की पहिलं काम म्हणजे सरळ कडेच्या फळीवर टेकवून बारीक रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारायची. दोन रेघा एकीवर एक आल्या तर ठेवायचा, फाकल्या तर दुकानात परत. फाकतात तेही दुप्पट, म्हणून डोळ्याला दिसतं. पेन्सिल नको, चाकूची रेघ. याला पैसा लागत नाही.

आणि फ्रेमचा हिशोब पाहा. चार कोपरे म्हणजे आठ काप. दर काप पाव अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात दोन अंश उघडतात. 50 मिमी पट्टीचा तिरका काप साधारण 70 मिमी लांब, त्यावर दोन अंश म्हणजे जवळजवळ अडीच मिमी. तुमची फट त्याच्या आसपासच. अर्ध्या सुताहून (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) थोडी जास्त. पाव अंश मायटर गेजच्या छापील रेघांवर कुणाच्या बापाला दिसणार नाही.

करवतकाठी | रविवार, सकाळी 8:40

वाचनखूण साठवली. गुण्यागोविंद, तुमचं सदस्यनाव आज कळलं मला. तीन वर्षं नुसतं वाचत होते!

टूलरूमवाला | रविवार, सकाळी 9:30

चाकणला टूलरूममध्ये बावीस वर्षं जिग-फिक्स्चर करण्यात गेली, त्यामुळे हा धागा वाचून हात शिवशिवले.

"विकतची म्हणजे अचूक" यात गोम आहे. विकतचा गेज स्वतःपुरता अचूक असतो. तो चालतो तुमच्या मशीनच्या खाचेत. खाच नावाला पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी. मोफत आलेल्या गेजची पट्टी व्हर्निअरने मोजा, 18.7 निघाली तर 0.35 मिमीचा खेळ. 300 मिमी लांब पट्टी तेवढी तिरकी होऊ शकते, म्हणजे 400 मिमी रुंद फळीवर जवळजवळ अर्धा मिमी. गेजचं डोकं सोन्याचं असलं तरी पाय डगमगतोय. चांगल्या विकतच्या गेजला पट्टीत फुगणारे स्क्रू असतात ते याचसाठी. घरी करायचं तर पट्टीच्या कडेला सेंटर पंचचे पाच-सहा ठोके मारा, धातू किंचित वर येतो आणि खेळ जातो. जास्त झालं तर कानशीने उतरवा.

घरची स्लेड इथेच जिंकते, कारण ती तुमच्याच खाचेला घासून बसवलेली असते. पण लोक तिला दोन रनर (खाचेत सरकणाऱ्या पट्ट्या) लावतात आणि दोन्ही घट्ट करतात. दोघे एकमेकांशी भांडतात, स्लेड एकदा अडते, एकदा सुटते. फिक्स्चरमध्ये आम्ही एका दिशेला एकच टेकू देतो. एक रनर खाचेला नीट बसवा, दुसरा थोडा ढिला ठेवा.

भुसादादा | रविवार, सकाळी 9:48

बघा, मी म्हटलं होतं ना घरची. माझ्या स्लेडवर कापलेलं दार अजून गुण्यात आहे.

टूलरूमवाला | रविवार, सकाळी 9:55

दादा, मोजलं होतं का?

भुसादादा | रविवार, सकाळी 10:02

डोळ्याने.

प्लायवुडपंत | रविवार, सकाळी 10:30

सगळं बरोबर, पण मुळात ब्लेड खाचेला समांतर आहे का ते कोणी विचारलंच नाही. ते चुकलं तर विकतची काय, घरची काय, कोपरा उघडाच. आधी ते तपासा. एका दातावर मार्करने खूण करा, खाचेपासून पुढे मोजा, तोच दात फिरवून मागे आणा, पुन्हा मोजा.

टूलरूमवाला | रविवार, सकाळी 11:10

पंत, पद्धत बरोबर, निष्कर्ष चूक. स्लेड खाचेत चालते, त्यामुळे लाकडाचा कोन खाचेची दिशा आणि स्लेडची फेन्स या दोघांवर ठरतो. ब्लेड तिरकं असेल तर काप रुंद होतो, मागचे दात पुन्हा घासतात, कड जळते, चरे पडतात. पण उभ्या ब्लेडला 90 चे 89 होत नाहीत. लांब पट्टी मशीनच्या बाजूच्या फेन्सला लावून चिरता तेव्हा मात्र ते नडतं, तिथे लाकूड चिमटून मागे फेकलं जाऊ शकतं. तेव्हा तपासा जरूर, फटीचा दोष त्यावर टाकू नका.

प्लायवुडपंत | रविवार, सकाळी 11:40

कागदावर काढून पाहिलं. मान्य. पण ब्लेड टेबलाला काटकोनात उभं हवं, हे तरी मान्य करा. ते कललं की समोरून कोपरा बंद आणि मागून उघडा.

टूलरूमवाला | रविवार, सकाळी 11:44

शंभर टक्के.

कोकणीमेवा | रविवार, दुपारी 3:15

सावंतवाडीहून लिहितोय, बाहेर धो धो. पुण्याच्या लोकांनी लिहिलेल्या धाग्यात एक गोष्ट कायम राहते, ती म्हणजे आमचा पाऊस.

मी एप्रिलमध्ये सागाचे रनर लावून झकास स्लेड केली. लोण्यासारखी चालायची. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात खाचेत अडकली ती हातोडीने काढली. 19 मिमीची पट्टी आडव्या दिशेला दीड-दोन दशांश मिमी सहज फुगते, आणि आपण तर अर्धा दशांशही सैल ठेवलेली नसते. मग कानशीने घासून बसवली. जानेवारीत तीच पट्टी खुळखुळा.

म्हणजे भुसादादांची सहा वर्षांची स्लेड वर्षातून दोनदा वेगळी स्लेड असते. अॅल्युमिनियमचा विकतचा रनर इथे जिंकतो, आणि त्यात लाज कसली.

करवतकाठी | रविवार, दुपारी 4:00

रनर नायलॉनचे केले तर? बोहरी आळीत पट्ट्या मिळतात.

पॉलिमरपाटील | रविवार, दुपारी 4:35

ताई, नायलॉन पाणी पितं. लाकडाइतकं नाही, पण पितं आणि फुगतं. एचडीपीई किंवा यूएचएमडब्ल्यू घ्या, ही प्लास्टिकं पाण्याला जवळजवळ विचारत नाहीत आणि घसरतातही छान. भाजी कापायचा जाड पांढरा बोर्ड असतो ना, तो बहुतेकदा एचडीपीई. त्यातून पट्ट्या काढा. मऊ असतात, स्क्रू फार आवळला तर तिथे पोट सुटतं आणि स्लेड बरोबर त्या जागी अडते. आधी मोठं भोक पाडा.

खट्याळ | रविवार, दुपारी 4:41

स्वयंपाकघरातला बोर्ड गायब झाला की पोट नाही, अजून बरंच काही सुटेल.

सालपट | रविवार, रात्री 9:20

एवढे प्रतिसाद! गुण्या तपासला. कॉलेजपासून वापरतोय तो. 150 मिमीवर रेघा जवळजवळ एक मिमी फाकल्या. म्हणजे त्याच्यातच अर्ध्या मिमीची चूक. इतकी वर्षं मी या माणसावर विश्वास ठेवला.

पण मग जिग तपासायची कशाने? चांगला गुण्या विकत घ्यायचा आणि त्यावर विश्वास ठेवायचा, म्हणजे पुन्हा तेच ना?

टूलरूमवाला | रविवार, रात्री 10:15

गुण्याच लागत नाही. पाच कापांची पद्धत करा. विल्यम एन्ग यांच्या व्हिडिओमुळे ती सगळीकडे पसरली.

एक साधारण चौकोनी एमडीएफची फळी घ्या. एक कड स्लेडवर कापा. फळी फिरवून नुकतीच कापलेली कड फेन्सला लावा, पुढची कापा. असे चार काप. दर फेरीत फेन्सची चूक साठत जाते. पाचव्या वेळी पहिलीच कड पुन्हा कापायची, पण या वेळी पंचवीसेक मिमी रुंद पट्टी पडू द्यायची. त्या पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्निअरने मोजा. जो फरक येईल त्यात तुमची चूक चौपट होऊन बसलेली असते.

उदाहरण. एका टोकाला 25.60, दुसऱ्याला 25.24. फरक 0.36. भागिले चार, 0.09. पट्टी 400 मिमी लांब असेल तर दर 400 ला 0.09 मिमी चूक. फेन्स एका स्क्रूभोवती फिरते आणि दुसरा स्क्रू 480 मिमीवर आहे असं धरा, तर तिथे फेन्स 0.108, म्हणजे 0.11 मिमी हलवायची. कुठल्या बाजूला ते कोणतं टोक जाड यावर. उलटी हलवलीत तर पुढच्या चाचणीत आकडा दुप्पट होऊन स्वतःच सांगेल.

0.11 कसं हलवायचं? फिलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचा संच. बाइकचे टॅपेट सेट करणाऱ्या कुठल्याही गॅरेजवाल्याकडे असतं. फेन्सच्या मागे ठोकळा क्लॅम्प करा, मध्ये पात घाला, स्क्रू सैल करा, फेन्स पातीला टेकवा, आवळा.

ही चाचणी विकतच्या गेजवर आणि घरच्या स्लेडवर, दोन्हींवर करा. मग इथे आकडे टाका, मतं नकोत.

गुण्यागोविंद | रविवार, रात्री 10:50

सुंदर. वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "आम्ही कर्ण मोजायचो." मग थोड्या वेळाने, "पण हे चांगलं आहे."

ससेमिरा | सोमवार, सकाळी 7:30

अवांतर: दहा इंची ब्लेड मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल तर दात ताशी 190 किमीच्या आसपास धावत असतात. स्लेडमध्ये ब्लेड फेन्सच्या मागून बाहेर येतं, आणि लोकांचा अंगठा नेमका तिथेच असतो. कोणाची जिग अचूक या वादात मागच्या बाजूला जाड ठोकळा चिकटवायला विसरू नका. मी विसरलो होतो. नऊ टाके. अंगठा आहे, पण थंडीत आठवण देतो.

शिवाय मायटर गेज आणि बाजूची फेन्स एकाच वेळी वापरून तुकडा मोजून कापू नका. तो मध्ये अडकतो आणि थेट पोटात येतो. लांबी ठरवायची तर फेन्सला ठोकळा लावा, ब्लेडच्या बराच अलीकडे संपणारा.

भुसादादा | सोमवार, सकाळी 8:10

ससेमिरा, काळजी घ्या. ठोकळा आजच लावतो. खरंच नव्हता.

करवतकाठी | सोमवार, दुपारी 1:20

विकतच्या बाजूने एक मत. मी बोटांच्या सांध्याचे (दोन फळ्यांना कापलेली बोटं एकमेकांत अडकतात तो सांधा) डबे करते. घरच्या जिगमध्ये खुंटी आणि ब्लेडमधलं अंतर ठोकून ठोकून बसवावं लागतं. अर्धा दशांश इकडे की सांधा बसत नाही, तिकडे की लुळा. विकतच्या जिगला स्क्रू असतो, अर्धा फेरा फिरवला की झालं. दर बोटाला चूक साठते, वीस बोटांनंतर एक मिमी होते.

टूलरूमवाला | सोमवार, दुपारी 1:50

ताई, स्क्रूबद्दल सहमत, तो घरच्या जिगलाही लावता येतो. पण साठण्याबद्दल नाही. दोन्ही फळ्या त्याच जिगवर कापता ना? मग दोघींचीही चूक सारखीच साठते आणि बोटं समोरासमोर येतात. सांधा घट्ट किंवा सैल होतो तो प्रत्येक बोटाला सारखा. साठलेला मिमी फक्त शेवटच्या, कडेच्या बोटात दिसतो.

करवतकाठी | सोमवार, दुपारी 2:05

म्हणून माझं शेवटचं बोट नेहमी बारीक! आणि मी फळीच कमी रुंद कापली म्हणून स्वतःला शिव्या देत होते.

न्यूजर्सीकर | मंगळवार, पहाटे 5:00

टूलरूमवाले, तुमच्या आज्ञेप्रमाणे दोन्ही तपासले. 400 मिमीवर: विकतचा गेज बरेच दिवस न हलवलेला, नव्वदच्या खाचेत, 0.16. त्याचा सेटिंग स्क्रू सुधारल्यावर 0.06. घरची स्लेड, चार वर्षांपूर्वी लावलेली, 0.05. म्हणजे बरोबरी. फरक एवढाच की विकतचा गेज नीट करायला दहा मिनिटं लागली आणि स्लेड मूळ लावायला एक अख्खा रविवार गेला होता.

टूलरूमवाला | मंगळवार, सकाळी 9:00

याला म्हणतात प्रतिसाद.

गुण्यागोविंद | मंगळवार, सकाळी 9:25

सालपटराव, मूळ मुद्द्यावर या. तुमची फ्रेम. फक्त फ्रेमाच करायच्या असतील तर एक चलाखी आहे. स्लेडवर व्हीच्या आकारात दोन फेन्स लावा, ब्लेडच्या दोन्ही बाजूंना. कोपऱ्याची एक पट्टी डावीकडे कापा, दुसरी उजवीकडे. दोन फेन्समधला कोन चोख 90 असला की बास. एक बाजू 44.8 झाली तर दुसरी आपोआप 45.2, बेरीज 90, कोपरा बंद. आणि 90 तपासणं 45 पेक्षा किती सोपं! ही जिग मात्र घरीच करा.

अजून एक विचारायचं राहिलं. समोरासमोरच्या पट्ट्या एकाच लांबीच्या आहेत का?

सालपट | शनिवार, रात्री 9:45

आठवडाभराने येतोय, कारण या वेळी मोजून आलोय.

लांबी: जुन्या फ्रेमची एक जोडी 1.1 मिमीने वेगळी. पेन्सिलच्या खुणेवर कापत होतो. आणि काप चालू असताना बोट ठेवून पाहिलं, तर पट्टी फेन्सवरून हळूच ब्लेडकडे सरकत होती. म्हणजे कोनही जात होता, लांबीही.

फेन्सला 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, ठोकळा क्लॅम्प केला. त्याच फुकटच्या मायटर गेजवर, पट्टीला पंचचे ठोके मारून, तिसरी फ्रेम कापली. चौथ्या कोपऱ्यात आता वहीचा कागद जातो, पोस्टकार्ड जात नाही.

मग उरलेल्या प्लायची व्ही स्लेड केली. रनर एचडीपीईचे, बोर्ड नवीन आणलाय, घरातला जागेवर आहे. दोन फेन्समधला 90 तपासायला चोख काटकोनी तुकडा हवा, तो कापायला साधी स्लेडही करावी लागली, पाच काप, पहिला आकडा 0.41, तिसऱ्या खेपेला 0.07. फिलर गेज कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने दिलं आणि विचारलं, "कुठली गाडी?" काय सांगणार.

विकतचा गेज मागवलेला नाही. अष्टकोनी काही करायची वेळ आली तर न्यूजर्सीकरांना गाठेन.

कोकणीमेवा | शनिवार, रात्री 10:10

अभिनंदन. जानेवारीत पुन्हा पाच काप करून आकडा टाका. प्लायची फेन्सही वाकते, सांगून ठेवतो.

करवतकाठी | शनिवार, रात्री 10:30

चौथ्या फ्रेमचा फोटो कुठे आहे? वारलीसकट हवा.

सालपट | शनिवार, रात्री 10:50

टाकला असता. कोपरे चारही बंद आहेत. काच कापून आणली, ती एका बाजूने तीन मिमी छोटी आहे.

खट्याळ | शनिवार, रात्री 10:53

भुसा आणि फेव्हिकॉल.